हाताने की दोराने: मोठ्या लाटेत शिरण्याचा क्रम

मोठ्या लाटांवरच्या सर्फिंगमध्ये लाट धरायच्या दोन रीती आहेत, हाताने आणि दोराने. लाटेवर उभे राहिल्यानंतर दोन्ही जवळपास सारख्याच. उतार तोच, मागून येणारा गडगडाट तोच. फरक आहे तो उभे राहण्याआधीच्या पाच-सहा सेकंदांत. तेवढ्या वेळात बोर्डाचा वेग लाटेच्या वेगाजवळ न्यायचा असतो. पोटावर पालथे पडून हातांनी पाणी ओढत नेला तर ते पॅडल, जेटस्कीमागे दोर धरून नेला तर टो. बोर्ड किती लांबीचा, बरोबर किती माणसे, सेटमधली, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांच्या गटातली, कितवी लाट घ्यायची, पडलो तर कोण येणार, ही सगळी उत्तरे त्या पाच-सहा सेकंदांवर अवलंबून असतात. आम्ही दोन्ही रीतींनी पाण्यात उतरतो. कोणती रीत मर्दानगीची, हा वाद किनाऱ्यावर रंगतो. पाण्यात असताना त्याचा उपयोग शून्य.

आधी वेगाचे गणित. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो: खोलीला गुरुत्वत्वरणाने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. लाट फुटते तिथली खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट असते. म्हणजे ६ मीटरची लाट जवळपास ८ मीटर खोलीवर फुटते आणि ताशी ३२ किलोमीटरने धावते. १२ मीटरची लाट ताशी ४४ किलोमीटरने, २० मीटरची ५७ किलोमीटरने. हिशेब ढोबळ आहे, पण अंदाज यायला पुरे. आता हात. चांगला तयार माणूस जीव तोडून पॅडल करतो तेव्हा ताशी ६ ते ७ किलोमीटर गाठतो, तेही दहा-पंधरा सेकंदच. लाट दुप्पट झाली म्हणून हात दुप्पट वेगाने चालत नाहीत.

मग हाताने लाट सापडते तरी कशी? उरलेला वेग उतार देतो. लाटेची भिंत पुरेशी उभी झाली की बोर्ड घसरू लागतो आणि गुरुत्वाकर्षण बाकीचे काम करते. अडचण अशी की भिंत उभी होते ती फुटण्याच्या अगदी तोंडावर. त्यात पायथ्याचे पाणी त्याच वेळी भिंतीवर चढत असते. आपण खाली घसरतोय आणि खालचे पाणी आपल्याला वर नेतेय, अशी ती ओढाताण. वर चढणाऱ्या पाण्यापेक्षा बोर्ड वेगाने उतरला तरच सुटका, नाहीतर माथ्याबरोबर आपणही पुढे फेकले जातो. इंग्रजीत भिंतीला ‘फेस’ म्हणतात. आपला फेस वेगळा, पांढरा, आणि या खेळात त्याच्याशी दुसऱ्याच कामासाठी गाठ पडते. म्हणून आम्ही भिंतच म्हणतो.

टोमध्ये हा सगळा पेच टळतो. लाट अजून फुगवट्यासारखी, निजलेली असतानाच आपण तिच्या वेगाने तिच्यावर असतो. भिंत उभी राहीपर्यंत पाय रोवलेले, नजर पुढे, रेघ ठरलेली.

ही रीत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची. लेअर्ड हॅमिल्टन, बझी कर्बॉक्स आणि डॅरिक डोअरनर या सर्फरांनी हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्याबाहेरच्या खडकांवर आधी हवा भरलेल्या मोटरबोटीमागे दोर बांधून पाहिला, मग जेटस्की आली, आणि माउई बेटावरचे पेआही, म्हणजेच जॉज, या रीतीचे मुख्य ठिकाण झाले. पाऊल बोर्डावर धरून ठेवणारे पायपट्टे विंडसर्फिंगमधून उचललेले. पुढची दहा-पंधरा वर्षे पेआहीची मोठी लाट हाताने धरणे शक्य नाही असेच मानले गेले. ब्राझीलच्या काही जणांनी ते करून दाखवले आणि २०१० नंतर तिथे पॅडल पुन्हा जोरात सुरू झाले. गिनीजच्या नोंदी पाहिल्या की हाताची सीमा कळते. हाताने धरलेली सर्वांत उंच लाट एरन गोल्डची, पेआही, जानेवारी २०१६, ६३ फूट. टोचे आकडे पोर्तुगालमधल्या नझारेचे: २०११ मध्ये गॅरेट मॅकनमारा ७८ फूट, २०१७ मध्ये रॉड्रिगो कोशा ८० फूट, ऑक्टोबर २०२० मध्ये सेबास्टियन श्टॉइटनर ८६ फूट. ही सगळी मापे भिंतीची, पुढून घेतलेली. हवाईतली जुनी मोजणी मागून होते आणि आकडा निम्म्याच्या आसपास देते. कोणी ‘२० फुटी’ म्हटले की कोणाच्या मापाने, हे आधी विचारावे.

तयारी दोन-तीन दिवस आधी सुरू होते, आणि लाटांच्या अंदाजात आम्ही उंचीच्या आधी आवर्तकाल, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारे सेकंद, पाहतो. खोल समुद्रात लाटांचा गट सेकंदाला ०.७८ गुणिले आवर्तकाल इतके मीटर सरकतो. २० सेकंदांचा स्वेल, म्हणजे दूरवरून येणाऱ्या लाटा, ताशी ५६ किलोमीटरने, म्हणजे दिवसाला सुमारे १३५० किलोमीटर येतो. १४ सेकंदांचा ताशी ३९ किलोमीटरने. त्यामुळे लांब आवर्तकालाच्या लाटा आधी पोचतात आणि उंचीचा आकडा तेव्हा लहान दिसतो. समुद्रात तरंगत लाटा मोजणारा तरंगकाटा १ मीटर, २२ सेकंद दाखवतोय म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची दुपारी त्रेधा उडते. लांब आवर्तकाल म्हणजे लाटेची मुळे खोलवर: ती लवकर वळते, खडकावर अचानक उभी राहते, आणि दोन लाटांमध्ये जास्त वेळ देते. हे शेवटचे बचावासाठी फार महत्त्वाचे.

वाऱ्याचे उलट-सुलट आहे. जमिनीकडून येणारा मतलई वारा भिंत गुळगुळीत ठेवतो म्हणून सर्वांना हवा असतो. पण ताशी ३० किलोमीटरच्या वर गेला की पॅडल करणाऱ्याचा तोच वैरी. माथ्यावर पोचल्यावर तो लांब बोर्डाच्या नाकाखाली शिरतो, बोर्ड उचलून धरतो आणि तुषारांनी डोळे भरतात. नेमक्या त्या सेकंदाला काही दिसत नाही. टोवाला तोवर माथ्यावरून खाली आलेला असतो, त्याला तो फक्त पाठीवर जाणवतो. खारा वारा, म्हणजे समुद्राकडचा, भिंतीवर खळग्यांची नांगरट करतो. हलका असेल तर जड टो बोर्ड ते पचवतो. पॅडल मात्र त्या दिवशी जवळपास बाद.

जागाही रीत ठरवते. कॅलिफोर्नियातले मॅव्हरिक्स आणि पेआही इथे खडक एका जागी आहे, लाट रोज थोड्याफार फरकाने त्याच ठिकाणी उभी राहते आणि बाजूला खोल पाण्याची वाट आहे, जिथे लाट फुटत नाही. तिथे किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून बसता येते: एक झाड आणि त्यामागची डोंगराची खाच एका रेषेत, दुसरीकडे घराचा कोपरा आणि खांब एका रेषेत. दोन रेषा जिथे छेदतात तिथे आपण. दर दोन मिनिटांनी तपासायचे, कारण प्रवाह नकळत सरकवतो. नझारेची गोष्टच वेगळी. किनाऱ्याजवळ येऊन भिडलेली खोल समुद्रदरी लाटेचा एक भाग वेगाने पुढे नेते, बाजूच्या उथळ पठारावरचा भाग मागे रेंगाळतो, दोन्ही वळून प्राया दो नॉर्ते या किनाऱ्यासमोर एकमेकांवर चढतात आणि पिरॅमिडसारखे शिखर उभे राहते. प्रत्येक शिखराची जागा निराळी. हाताने तिथे लाटा घेतल्या गेल्या आहेत, पण ३००-४०० मीटर इकडेतिकडे सरकणाऱ्या शिखराच्या मागे हातांनी किती धावणार? शिवाय लाटांशेजारी शांत पाण्याची वाट नाही. जेटस्की भूशिराला वळसा घालून पलीकडच्या बंदरातून येतात. कड्यावरच्या दीपगृहापाशी वॉकीटॉकी घेऊन एक माणूस उभा असतो, तो बाहेरून येणारे शिखर आधी पाहतो आणि खाली सांगतो. मॅव्हरिक्सला उलट स्थिती: सागरी अभयारण्याच्या नियमांमुळे २००९ पासून तिथे जेटस्कीवर कडक बंधने आली आणि पॅडलचे पारडे जड झाले.

आता पॅडलचा क्रम. बोर्ड म्हणजे गन: साडेनऊ ते साडेदहा फूट लांब, २०-२१ इंच रुंद, साडेतीन इंचांच्या आसपास जाड, ८० लिटरच्या वर. लांबी आणि जाडी एवढ्याचसाठी की पाण्यावर उंच तरंगावे आणि हाताचा प्रत्येक झटका पुढे जाण्यात यावा. काचकापडाचे (फायबरग्लासचे) थर जाड, कारण हलकी गन वाऱ्यात उडते आणि माथ्याखालीच मोडते. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, बोर्डापेक्षा दोन-तीन फूट लांब, ८ मिलिमीटर किंवा जास्त जाडीची. तिचा फिरता जोड आणि बोर्डाला बांधणारी बारीक दोरी दर मोसमात बदलावी. तुटते ती बहुतेक तिथेच. जाड वेटसूट आणि त्यावर हवेचे जॅकेट असले की छाती बोर्डावर नीट टेकत नाही, खांदे लवकर भरून येतात. म्हणून पॅडलसाठी जॅकेट पातळ घेतो, आणि घरी जमिनीवर बोर्ड ठेवून त्यावर पालथे पडून पाहतो: जॅकेट फुगवायच्या मुठी पोटाखाली दबत नाहीत ना, हात ताणला तर सापडतात ना.

लाइनअपला, म्हणजे लाटेची वाट पाहत बसायच्या जागी, पोचल्यावर पहिली वीस मिनिटे एकही लाट घ्यायची नाही. दोन सेट पूर्ण पाहायचे. किती लाटांचा सेट, सर्वांत मोठी कितवी, कुठे पाणी उकळल्यासारखे वर येते ते. ती उकळी म्हणजे खाली खडक.

सेट क्षितिजावर दिसला की पहिली लाट सोडतो. ती धरायला गेलो आणि हुकलो, तर आपण किनाऱ्याकडे दहा-वीस मीटर ओढले गेलेलो असतो आणि उरलेला सगळा सेट डोक्यावर. दुसरी किंवा तिसरी घ्यायची. ती येताना आधी तिच्याकडे, म्हणजे बाहेर पॅडल करतो, कारण मोठी लाट जास्त खोलीवर उभी राहते. मग वळायचे. वळल्यापासून आठ ते बारा हात. पहिले तीन-चार लांब आणि शांत, नंतर पूर्ण जोर. एकदा खांद्यावरून मागे नजर: माथा कोणत्या बाजूला कलतोय? शेपटी उचलली जाते ते पोटाला कळते. तिथे नवखा माणूस उभा राहतो आणि तिथेच चुकतो. आणखी दोन हात मारायचे, हनुवटी बोर्डाला टेकवून, वजन पुढे. वाऱ्याने नाक उचलू नये म्हणून हे वजन.

उभे राहणे एका झटक्यात: दोन्ही तळवे छातीजवळ, पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे खोल, पुढच्या पायावर निम्म्याहून जास्त भार. बोर्ड बराचसा हवेत असतो, त्याची एक कड आणि तळाचे पंख (फिन) भिंतीला चिकटून असतील तेवढेच. ५ मीटरचे मोकळे पडणे एका सेकंदाचे असते आणि शेवटी वेग ताशी ३६ किलोमीटर होतो. बोर्ड पाण्याला परत लागतो तो हा वेग घेऊन. गुडघे ताठ असतील तर तिथेच उडतो. पायथ्याला पोचेपर्यंत वळायचे नाही. अर्ध्यावर वळलो तर कड निसटते.

सर्वांत वाईट चूक मात्र पडण्याची नाहीच. शेवटच्या दोन हातांपाशी मन डळमळून थांबण्याची ती. थांबलो तेव्हा आपण माथ्यावर आहोत, वेग कमी, आणि लाट आपल्याला ओठाबरोबर, म्हणजे पुढे कोसळणाऱ्या माथ्याबरोबर, उचलून पायथ्याशी आपटणार. जायचे की नाही हे वळतानाच ठरलेले हवे. सोडायची असेल तर सहाव्या हाताच्या आत, बोर्डावर उठून बसून पाय दोन्हीकडे टाकून. त्यानंतर जाणे हेच कमी धोक्याचे, भीती वाटत असली तरी.

टोची तयारी वेगळ्याच जातीची आहे: तिथे निम्मे काम यंत्राचे. बोर्ड सहा फुटांच्या आसपास, १६-१७ इंच रुंद, पातळ, त्यावर पालथे पडून नीट तरंगताही येत नाही. त्यात मुद्दाम वजन घालतात, शिसे किंवा पोलादी पट्टी. एकूण ८ ते १० किलो, काहींचे याहून जास्त. ताशी ६०-७० किलोमीटरला खळग्यांवरून हलका बोर्ड उडत जातो, जड बोर्ड ते कापतो. पायपट्टे पाऊल अर्ध्यापर्यंतच शिरेल इतपत. जमिनीवर पट्ट्यांत पाय घालून बाजूला पडून पाहायचे. पाय आपोआप निघाला नाही तर पट्टा सैल करायचा. पाण्यात न सुटलेला पाय म्हणजे गुडघा गेला. लीश टोमध्ये बहुतेक जण लावत नाहीत. एवढा जड, टोकदार बोर्ड फेसात पायाला बांधून घेण्यात शहाणपण नाही.

जेटस्कीची तपासणी आम्ही दरवेळी एकाच क्रमाने करतो आणि मोठ्याने बोलून करतो. मागचे ड्रेन प्लग घट्ट आहेत का? हास्यास्पद वाटते, पण पाणी शिरून स्की जड होण्याचे नेहमीचे कारण हेच. टाकी पूर्ण भरलेली. सीटचे कुलूप पट्ट्याने बांधलेले, नाहीतर पहिल्या आपटीत सीट उडते आणि इंजिनात पाणी. मागची बचाव-गादी, तिचे सगळे हुक आणि हातपट्ट्या ओढून पाहायच्या. ड्रायव्हर पडला की इंजिन बंद करणाऱ्या किल-स्विचची दोरी त्याच्या जॅकेटला. टोचा दोर १० ते १२ मीटर, पाण्यावर तरंगणारा, मूठ फोमची, कुठेही गाठ नाही. आखूड दोराने सर्फर स्कीच्या मागच्या घुसळलेल्या पाण्यात सापडतो. फार लांब दोर सैल पडतो आणि झटका देतो. हाताला दोराचा वेढा घ्यायचा नाही, कधीच नाही.

खुणा चार पुरतात: ही लाट, ही नको, वेग वाढव, परत फिर. वाऱ्यात आवाज पोचत नाही. लाट निवडण्याचा अधिकार कोणाचा हे बंदरातच ठरवतो. आमच्याकडे ड्रायव्हरचा, कारण तो उंच बसलेला असतो आणि मागची रांग त्याला दिसते. सर्फरला नकाराचा अधिकार आहे, आणि नकारावर चर्चा होत नाही.

सुरुवातीला सर्फर पाण्यात बसकट घालून, पाय पट्ट्यांत, गुडघे छातीशी. दोर ताणला जाईपर्यंत ड्रायव्हर हळू जातो, मग एकसारखा जोर. उठल्यावर दोघे बाहेरच्या पाण्यात फेऱ्या मारत राहतात. लाट ठरली की ड्रायव्हर तिच्या फुगवट्यावर, माथ्याच्या किंचित पुढे, तिच्याच वेगाला स्की आणतो: ताशी ४५ ते ५५ किलोमीटर. किनाऱ्याला समांतरही नाही आणि सरळही नाही, तिरप्या रेषेत, वाटेच्या बाजूने शिखराकडे किंवा शिखरामागून वाटेकडे, त्या दिवशी लाट कशी उभी राहतेय त्यावर. सर्फर स्कीच्या मागच्या पट्ट्यातून बाजूला, लाटेच्या उताराकडे सरकतो. उतार बोर्डाला ओढू लागला की दोर आपोआप सैल पडतो. हीच सोडण्याची वेळ. मूठ लाटेच्या मागच्या बाजूला टाकायची, पुढे नाही. ड्रायव्हर त्याच क्षणी माथ्यावरून मागे किंवा वाटेकडे निघून जातो.

चुका इथे तीन प्रकारच्या. लवकर सोडले तर खळग्यांवर बोर्ड मरतो आणि लाट खालून निघून जाते: मग आपण तरंगण्यालायक नसलेल्या बोर्डावर, पुढच्या लाटेसमोर. फार उशिरा, फार पुढे सोडले तर पायथ्याच्या सपाट पाण्यात पोचतो, वेग संपतो आणि मागून फेसाची भिंत गाठते. तिसरी चूक ड्रायव्हरची: शिखराच्या फार आत नेऊन सोडणे. पॅडल करणाऱ्याला हातच सांगतात की इतक्या आतून ही लाट मिळणार नाही. दोर तसे काही सांगत नाही, तो कोणालाही कुठेही पोचवतो. टोबद्दल आमची खरी तक्रार हीच आहे. हाताने धरता येत नाही ती लाट आपल्या लायकीची नाही, हा फिल्टर त्यात राहत नाही. ज्याने १० मीटरची लाट हाताने शंभरदा घेतलेली नाही, त्याला २० मीटरच्या लाटेवर नेऊन ठेवणे जेटस्कीला अगदी सोपे आहे. म्हणून आधी पॅडल, काही मोसम, आणि मग दोर. उलट क्रमाने शिकलेले लोक पडल्यावर ओळखू येतात.

टोमध्येही पहिली लाट सोडतो, पण कारण वेगळे. सर्फर पडला तर त्याला उचलायला ड्रायव्हरकडे पुढची लाट येईपर्यंतचा वेळ असतो: १५ ते २० सेकंद, त्यातले पहिले सात-आठ तो पाण्याखालीच. सेटच्या शेवटच्या लाटेनंतर तेवढा वेळ पुष्कळ वाढतो. दुसरी स्की बाजूच्या सुरक्षित पाण्यात, पहिलीला मागे टाकून नव्हे, तिच्यावरही नजर ठेवून.

उचलण्याची पद्धत सरावाची आहे आणि शांत पाण्यात शेकडोदा करावी लागते. ड्रायव्हरचा उजवा हात थ्रॉटलवर असतो, म्हणून सर्फर डाव्या बाजूला येईल असे यायचे. मनगटाला मनगट पकडायचे, बोटांना बोटे नाही. सर्फर गादीवर पालथा पडून दोन हातपट्ट्या धरतो, ड्रायव्हर मागे वळून न पाहता गादीला वजन आले की निघतो. स्कीचे नाक किनाऱ्याकडे करून थांबायचे नाही. पांढऱ्याशुभ्र फेसात निम्मी हवा असते, पाणी मागे फेकणाऱ्या इम्पेलरला पकड मिळत नाही, इंजिन किंचाळते आणि स्की जागची हलत नाही. त्यामुळे फेसातले गडद, हिरवट पट्टे शोधत जायचे. मागे लोंबणारा टोचा दोरही घातक: रिव्हर्स टाकला किंवा जागच्या जागी गिरकी घेतली की तो आत खेचला जातो आणि इंजिन बंद. दोर मागे सरळ राहील इतका वेग ठेवायचा. स्की उलटलीच, तर मागच्या स्टिकरवर बाण असतो त्या दिशेनेच सरळ करायची. विरुद्ध दिशेने फिरवली तर एक्झॉस्टमधले पाणी इंजिनात जाते. आणि दोन स्की एकाच माणसासाठी एकदम आत शिरल्या तर त्या एकमेकींवर आदळतात. कोण आधी जाणार, हे बंदरातच ठरवून ठेवायचे.

पडल्यावर रीत कोणतीही असो, पाणी तेच. आदळण्याआधी अर्धा श्वास तरी घ्यायचा, हातांनी डोके झाकायचे, पाय जवळ. पहिले काही सेकंद काही करू नये, कारण काही करता येतच नाही. धडपडीत प्राणवायू जळतो, एवढेच. घुसळण ढिली पडली की वर कुठे ते पाहायचे: उजेड, किंवा लीशचा ताण. दम लागलेला असताना श्वास रोखणे आणि घरी गादीवर पडून रोखणे यांचा संबंध फार थोडा. घरी तीन मिनिटे रोखणाऱ्याला पॅडल करून दमल्यावर अर्धा मिनिट जड जातो. सराव त्या अर्ध्या मिनिटाचा करावा: धावून, दम लागल्यावर श्वास रोखून, जमिनीवर, आणि शेजारी कोणीतरी असताना. पाण्यात एकट्याने अजिबात नाही. आधी भराभर खोल श्वास घेण्याची सवय तर मोडूनच टाकावी. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वासाची निकड जाणवत नाही आणि शुद्ध हरपते.

हवेचे जॅकेट २०११ च्या सुमारास सर्फर शेन डोरियनच्या खटपटीतून आले आणि त्यानंतर दोन्हीकडचे लोक जास्त मोठ्या लाटांवर गेले. मूठ ओढली की कार्बन डायऑक्साइडची नळी फुटते आणि जॅकेट फुगते. पण ते ओढायचे कधी? लगेच ओढले तर वर येतो खरा, पण पुढची लाट आली तर तिच्याखाली बुडी मारता येत नाही, फेस फुटबॉलसारखा फेकत नेतो. आम्ही सेटमधली कितवी लाट आहे ते पाहून ठरवतो: मागे लाटा असतील आणि शुद्ध नीट असेल तर थांबतो, दुसऱ्या लाटेखाली जायची वेळ आली तर ओढतो, वर आल्यावर गरजेप्रमाणे हवा सोडतो. आणि जॅकेट दगा देते हे गृहीत धरतो. २१ डिसेंबर २०१२ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात असलेल्या कॉर्टेझ बँकवर, हाताने लाट धरताना पडलेल्या ग्रेग लाँगचे जॅकेट फुगलेच नाही. लागोपाठच्या लाटांखाली तो बेशुद्ध झाला आणि जेटस्कीवरच्या माणसांनी त्याला वाचवले. पॅडलच्या दिवशीही जेटस्की लागते ती यासाठी. ‘यंत्राविना’ असे ज्याला म्हणतात त्या पॅडलच्या बाजूला हल्ली दोन-तीन स्की उभ्या असतातच, आणि असाव्यात. उलट, दोर आहे म्हणून लहान दिवस निर्धोक होत नाही. पेआहीच्या लाटा हाताने धरणाऱ्या त्या ब्राझिलियनांपैकी मार्सिओ फ्रेरे ५ जानेवारी २०२३ रोजी नझारेत, टो करताना गेला.

एक शिस्त सगळीकडे सारखी. लाइनअपमध्ये एकजण जरी पॅडल करत बसला असेल, तर दोर गुंडाळून ठेवायचा. स्कीच्या लाटा आणि धूर त्याच्या डोक्यावर, आणि आपण शिखर बाहेरूनच उचलून नेणार, म्हणजे त्याला दिवसभर एकही मिळणार नाही. टो सुरू करायचा तो सगळे पॅडलवाले बाहेर पडल्यावर, किंवा लाटा इतक्या वाढल्यावर की तेच स्कीकडे पोहत येतात.

परत आल्यावरचे काम कंटाळवाणे आहे आणि तेच टाळले जाते. इंजिन गोड्या पाण्याने धुवायचे: आधी इंजिन सुरू, मग पाणी, बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. क्रम उलटला तर पाणी सिलिंडरमध्ये. ड्रेन प्लग उघडून स्की उतारावर. दोर पूर्ण लांब करून बोटांतून फिरवायचा, जिथे तंतू फुगलेले लागतात तिथे तो टाकूनच द्यायचा. गनच्या मध्यापासून शेपटीपर्यंत अंगठा दाबत जायचा, मऊ लागले तर काचकापडाखाली पाणी गेले आहे. जॅकेट गोड्या पाण्यात बुडवून, तोंडाने फुगवून रात्रभर ठेवायचे. सकाळी ढिले झाले असेल तर गळती आहे. नळ्या सगळ्या बाहेर काढायच्या, वापरलेली असो की नसो, आणि प्रत्येकीचे तोंड उजेडात धरून पाहायचे. भोक पडलेली नळी वजनाने हलकी लागते, पण ओल्या थंड बोटांना ते कळत नाही.